फुकटातलं गणित, दीड वर्ष वापरून

आमची शाळा सकाळी साडेनऊला भरते, शिलाई मशीनच्या शेजारी. टेबलाच्या एका कडेला गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं, दुसऱ्या कडेला लेकीची वही आणि मधे भावानं दिलेला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच गेली, चार्जर काढला की बंद. लेक दहा वर्षांची आहे. तिसरीनंतर तिला शाळेतून काढलं, त्याला आता दीड वर्ष झालं. एवढ्या काळात गणितासाठी शिकवणी लावली नाही की कुठल्या ॲपची वर्गणी भरली नाही. जे काही वापरलं ते इंटरनेटवर फुकट मिळणारं. ओळखीतल्या तीन-चारजणी सारखं विचारतात, "नक्की काय वापरतेस गं? लिंक पाठव ना." नुसती लिंक पाठवून काही होत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवानं कळलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी स्वतःबद्दल. मी बी.कॉम. झालेली, ब्लाउज शिवते. गणिताची बाई नव्हे. मालक सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत, सकाळी आठला बाहेर पडतात. घरात सासरे आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. मार्केट यार्डात एका अडत दुकानात ते पस्तीस वर्षं दिवाणजी होते, हळदीचे सौदे लिहायचे. त्यांचं नाव पुढं बऱ्याचदा येईल, कारण कुठल्याही वेबसाइटनं शिकवलं नाही ते गणित त्यांच्याकडं निघालं.

शाळा का सोडली ते थोडक्यात सांगते. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री पोरीचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. शाळेचं नाव घ्यायचं कारण नाही, पुष्कळ मुलं तिथं मजेत शिकतात. आमच्या पोरीला मानवली नाही, एवढंच.

पहिल्या दोन महिन्यांत मी अकरा ॲप आणि साइट उघडल्या. फुकट म्हटलं की आपण लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वागतो, पानात जागा नसली तरी वाढून घेतो. एका खेळाच्या ॲपात राक्षसाशी लढत गणितं सोडवायची होती. मी शेजारी ब्लाउजला काजं करत बसले आणि मोजलं. वीस मिनिटांत पाच गणितं झाली, बाकी वेळ टोपी निवडण्यात, आणि दर थोड्या वेळानं "पालकांना बोलवा, सदस्य व्हा". पाढ्यांच्या दुसऱ्या एका ॲपात घड्याळ पळायचं. भांडी पुसता पुसता "सात आठे?" विचारलं की लेक न बघता छप्पन्न म्हणायची, आणि त्या घड्याळापुढं बसली की बेचाळीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा पोट दुखायला लागलं. दोन्ही काढून टाकली.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा. पडदा बंद केल्यावर वहीत काय उरलं? वही कोरी असेल तर ते गणित नव्हतं, टीव्ही होता. या परीक्षेत जे टिकलं त्याबद्दल खाली लिहिते.

रोजचा पाठीचा कणा म्हणजे खान अकॅडमी. हे बहुतेकांना माहीत असतं, पण नीट वापरणारे कमी दिसतात. सल खान नावाच्या माणसानं २००४ साली नात्यातल्या एका मुलीला दूरवरून गणित शिकवायला सुरुवात केली, २००६ पासून व्हिडिओ यूट्यूबवर टाकले आणि २००८ साली त्याची ना-नफा संस्था झाली. जाहिराती नाहीत. आधी पालकांनी आपलं खातं काढायचं, त्याच्याखाली मुलाचं, म्हणजे मुलाला वेगळा ईमेल लागत नाही. भारतासाठी इयत्तावार अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांच्या, धर्तीवर लावलेला आहे. तोच घ्या. अमेरिकन इयत्तांच्या अभ्यासक्रमात स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडतात आणि लाखाच्या जागी हंड्रेड थाउजंड येतं. त्यात मूल उगाच अडकतं.

आम्ही चौथीपासून सुरुवात केली आणि आठवड्यात कळलं की गुणाकार म्हणजे काय हेच पोरीला ठाऊक नाही. पाढे पाठ होते, पण "सहा रांगांत सात-सात खुर्च्या" म्हटलं की ती बेरीज करत बसायची. मग गुपचूप तिसरीत उतरलो, काही धड्यांसाठी दुसरीतसुद्धा. या साइटचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. वर्गात चौथीच्या मुलीला दुसरीच्या बाकावर बसवता येत नाही, बसवलं तर ती मान वर करणार नाही. इथं कोण बघतंय?

प्रत्येक सरावात मोजकेच प्रश्न असतात. सगळे बरोबर आले की पायरी चढते. "हिंट" दाबली की तो प्रश्न चुकल्यात धरला जातो, हे लेकीला फार उशिरा कळलं. तोवर ती हिंट म्हणजे फुकटचा खाऊ समजत होती. पुढच्या चाचण्यांत मागचे धडे पुन्हा येतात आणि चुकलं तर चढलेली पायरी खालीही येते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाईसाहेब मशीनपाशी येऊन उभ्या. "आई, यानं माझं काढून घेतलं!" मी म्हटलं, "तुझंच होतं ना? मग परत मिळव." दुपारी जेवायच्या आत मिळवलं. विसरलेलं विसरलं म्हणून दाखवणारी वस्तू मला आवडते. शाळेच्या गुणपत्रिकेत एकदा मिळालेले गुण कायमचे, डोक्यातून ते गेले तरी.

व्हिडिओ मात्र मी कमी दाखवते. व्हिडिओ बघताना लेक मान डोलवते, आणि डोलणाऱ्या मानेवर माझा विश्वास नाही. आधी सराव, अडलं तर व्हिडिओ, तोही वही उघडी ठेवून. उदाहरण फळ्यावर आलं की थांबवायचा, आपण सोडवायचं, मग पुढं जायचं.

आता खरी अडचण. ही गणिताची नव्हतीच, हे कळायला मला चार महिने लागले. इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं तिची हटकून चुकायची. "हाऊ मेनी मोर" दिसलं की ती बेरीज करायची, कारण "मोर" म्हणजे जास्त, आणि जास्त म्हणजे बेरीज. तेच मी मराठीत म्हटलं, "ताईकडं बारा बांगड्या, तुझ्याकडं सात, तिच्याकडं किती जास्त?" माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, "पाच." म्हणजे पोरीला वजाबाकी येत होती, इंग्रजी येत नव्हतं, आणि शाळेत दोन वर्षं तिला गणितात कच्ची म्हणत होते. मी धरून. आता आमचा नियम असा आहे: प्रश्न इंग्रजीत वाचायचा, मराठीत एका वाक्यात सांगायचा, आणि त्यानंतरच पेन्सिल उचलायची. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

त्याच साइटवर हिंदीही आहे, तीही करून बघितली. समजावणं उत्तम कळतं, पण आकडे आले की घोटाळा. हिंदीतलं उन्यासी म्हणजे ७९ आणि नवासी म्हणजे ८९. आमच्या पोरीला नवासी म्हणजे ऐंशीच्या पुढचं काहीतरी नऊ आहे एवढं तरी कळायचं, उन्यासीला ती सरळ हात टेकायची. आमच्याकडं एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, ते तिनं नुकतंच कुठं पचवलं होतं.

एकोणची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेत असताना एकोणपन्नास म्हटलं की ती ५९ लिहायची. पन्नास ऐकू येतं, शेवटी नऊ असतो हे माहीत, म्हणून ५९. चूकच, पण बिनडोक चूक नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस नऊ" असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या आणि मुलांना जोडाक्षरं आणि उलटे आकडे जड जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या घरात मी नारळीकर बाईंच्या बाजूची, आबा विरोधात. "बाजारात कुणी वीस नऊ पोती म्हटलं असतं तर हमाल हसले असते," हे त्यांचं. पण पोरीला समजावलं त्यांनीच. "एकोण म्हणजे एक उणा. पन्नासाला एक उणा. बघ, तुझं गणित नावातच सोडवून ठेवलंय." एवढं एक वाक्य. त्यानंतर तीनशेतून एकोणपन्नास वजा करताना ती हातचे घेत बसली नाही. पन्नास काढले, एक परत दिला, दोनशे एक्कावन्न. मग तिनं विचारलं, "आबा, तर मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" आबा चष्मा पुसत बसले.

दुसरी साइट फेट. माझ्या मते सगळ्यात उजवी, आणि आपल्याकडं हिचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, बोल्डर गावातली. कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी २००२ साली सुरू केली. विज्ञानासाठी जास्त ओळखली जाते, पण गणिताचाही मोठा भाग आहे. हलवून, ओढून, सोडून बघायची चित्रं आहेत, सिम्युलेशन म्हणतात. त्यातली पुष्कळशी मराठीत आहेत. शिवाय एकेक सिम्युलेशन फाइल म्हणून उतरवून घेता येतं, मग इंटरनेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतं. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज आणि संध्याकाळी मालकांचे कुस्तीचे व्हिडिओ, अशा घराला याचं मोल कळेल.

अपूर्णांकांची ओळख करून देणारं सिम्युलेशन आम्ही तीन आठवडे वापरलं. पडद्यावर गोल, खाली तुकड्यांची बादली. छेदाचा बाण दाबला की गोलाचे तेवढे भाग पडतात, अंशाचा दाबला की तेवढे भाग भरतात. तोच अपूर्णांक पट्टीत, पाण्याच्या भांड्यात, केकमध्ये, संख्यारेषेवर बघता येतो. लेकीनं छेद चार ठेवला आणि अंशाचा बाण दाबत गेली. एक, दोन, तीन, चार. गोल भरला आणि बाण चालेना. "संपलं," म्हणाली. मी म्हटलं, "अजून एक तुकडा हवाय मला." ती शोधत राहिली. शेवटी कमाल मर्यादा एकावरून दोनवर नेली, शेजारी दुसरा रिकामा गोल उमटला आणि पाचवा तुकडा त्यात जाऊन बसला. पडद्यावर पाच छेद चार. ती बघत राहिली, आणि खाटेवरून आबा म्हणाले, "सव्वा झाला की."

"सव्वा? सव्वा म्हणजे हे?" तिनं तोवर सव्वा हा शब्द हजारदा ऐकलेला. सव्वानऊ वाजले, सव्वा मीटर कापड, सव्वा रुपयाची दक्षिणा. पण वहीतला पाच छेद चार आणि तोंडातला सव्वा हे एकच आहेत, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या दुपारी तिनं पाऊण, दीड, पावणेदोन, अडीच सगळे त्या गोलांत भरून बघितले. वहीची दोन पानं भरली. मग मी तिला टेप दिला. पस्तीस छातीचा ब्लाउज, चौथा भाग काढ, वर दीड इंच सोड. पावणेनऊ अधिक दीड. तिनं टेपवरच्या रेघा मोजून सव्वादहा सांगितले. मी कापडावर खडूनं खूण करून ठेवलीच होती, तिची खूण माझ्यावर बसली.

तिथून आबांना चेव आला. आम्हाला पाढे तीसपर्यंत, त्यांना पाव-अर्ध्याचे पाढेही, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी आणि औटकीही. औट म्हणजे साडेतीन, हे मलाही माहीत नव्हतं. बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. मी विचारलं, "आबा, साडेतीनचा पाढा लागतो कशाला?" ते म्हणाले, "पोत्याला साडेतीन रुपये हमाली, चौदा पोती. चौदा औटे एकोणपन्नास." पोरीनं पाटीवर गुणाकार मांडून पडताळा घेतला, बरोबर. आणि एकोणपन्नास नीट लिहिले, ४९.

फेटची उणी बाजूही सांगते. तिथं क्रम नाही. आज हे झालं, उद्या काय, ते कोण सांगणार? तुम्ही. मुलाला नुसतं सोडलं तर दहा मिनिटं तुकडे उडवील आणि उठेल. मी आदल्या रात्री चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून ठेवते. चारातले तीन तुकडे आणि आठातले सहा, कुणाचा केक मोठा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नसेल तर आणखी बरं.

तिसरी वस्तू डेसमॉस, आलेख काढायचं साधन. खरं तर ते मोठ्या मुलांचं, दहा वर्षांच्या पोरीला लवकर आहे. पण सांगलीत पावसाळ्यात आलेख आपोआप घरात येतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, हे जुलै-ऑगस्टमध्ये इथं प्रत्येकाच्या तोंडी असतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा लेक चार वर्षांची होती, आम्ही तिला घेऊन मिरजेला माहेरी होतो. तिला त्यातलं काही आठवत नाही, पण फुटांची भीती तिला आमच्याकडून मिळाली आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यात तिला सांगितलं, रोज सकाळची पातळी वहीत लिही आणि आलेख काढ. घाबरायचं तर आकड्यांनिशी घाबर.

डेसमॉसमध्ये एका रकान्यात दिवस, दुसऱ्यात पातळी असा तक्ता भरला की ठिपके आपोआप पडतात. एक दिवस २८ फूट ९ इंच होतं, तिनं २८.९ टाकलं. दुसऱ्या दिवशी २८ फूट ११ इंच, तिनं २८.११ टाकलं. ठिपका खाली गेला. पाऊस पडतोय, खिडकीतून आवाज येतोय, आबा म्हणतायत पाणी चढतंय, आणि लॅपटॉप म्हणतोय उतरलं. "आई, हे बिघडलं." मी बघितलं, मलाही झटकन कळेना. मग आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "फुटात इंच किती?" बारा. दहा नाहीत. टिंबानंतरचा आकडा दहा-दहानं चालतो आणि नदी बारा-बारानं. मग नऊ इंच म्हणजे बारातले नऊ, पाऊण फूट, २८.७५. अकरा इंचाचं उत्तर नीट येईना, भागाकार संपेचना, शेवटी ०.९२ वर थांबलो. ठिपका वर गेला, पोरगी खूश, मी नाही. पाणी वरच जात होतं ना.

त्या दिवशी दशांश अपूर्णांक तिच्या डोक्यात जसा बसला तसा दहा धड्यांनी बसला नसता. यात साइटचा भाग किती? डेसमॉसनं चूक डोळ्यांना दिसेल अशी मांडली, एवढा. कागदावर काढला असता तर पोरीनं ठिपका मनानंच वर ठेवला असता आणि चूक झाकली गेली असती.

बाकीचं भराभर सांगते. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, आणि मराठीत नेटकं गणित हवं असेल तर सुरुवात तिथूनच करा. फक्त एक शहाणपण मी पैसे घालवून शिकले. अख्खं पुस्तक झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलं तर छापील पुस्तकापेक्षा महाग पडतं. छापील घ्या, पीडीएफ पडद्यावर मोठी करून बघायला ठेवा.

एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच फुकट. सहावीचं २०२४ सालचं नवं गणिताचं पुस्तक मी स्वतःसाठी उघडलं आणि त्यात आपले दत्तात्रेय कापरेकर भेटले, देवळालीच्या शाळेतले मास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी ६१७४ येतंच, जास्तीत जास्त सात वेळांत. लेकीनं महापुराचं साल घेतलं, २०१९. नऊ हजार दोनशे दहातून एकशे एकोणतीस गेले, ९०८१. मग ९६२१, मग ८३५२, आणि चौथ्या वजाबाकीला ६१७४. तिला वाटलं साल अपशकुनी असेल म्हणून आलं, म्हणून तिनं आबांचं जन्मसाल घेतलं, मग माझं. आठवडाभर घरात दुसरं काही नव्हतं. वजाबाकीचा एवढा सराव मी छडी घेऊन बसले असते तरी झाला नसता. पुस्तक इंग्रजी-हिंदीत आहे, तेव्हा तुम्हाला आधी वाचून सांगावं लागेल.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या साइटवर मराठी पुस्तकांचा खजिना आहे, सगळा फुकट. साइट दिसायला जुनाट, शोधाशोध करावी लागते, लहान मुलाला एकटं सोडू नका, कंटाळेल. आम्ही तिथून आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन आकार करायला शिकलो. नळी पंक्चरवाल्याकडं मिळाली. नळीचे तुकडे सांध्याला, काड्या बाजू. त्रिकोण केला, दाबला, हलला नाही. चौकोन केला, दाबला, लगेच वाकडा झाला. लेकीनं चौकोनात तिरकी काडी घातली आणि तो ताठ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आयर्विन पुलाजवळून जाताना शेजारच्या घराच्या पत्र्याच्या शेडकडं बोट करून म्हणाली, "आई, छपराची कैची बघ, सगळे त्रिकोणच आहेत." या धड्याला पडदा लागलाच नाही.

जिओजेब्रा हे भूमिती-बीजगणिताचं साधनही उतरवून ठेवलंय. अजून उघडलं नाही, सातवी-आठवीला बघू.

"परीक्षेचं काय?" हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो, बहुधा जेवताना. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथं तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे स्तर आहेत, आणि दहावीच्या तोडीची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायला सतरा नंबरचा फॉर्म आहेच. त्याचा ताण मी सध्या घेत नाही.

कुणी वापरू नये तेही सांगते. तुम्ही दिवसभर नोकरीला असाल आणि मूल लॅपटॉपपुढं बसवून गणित होईल असं वाटत असेल, तर होणार नाही. यातली एकही साइट आईबापाची जागा घेत नाही. ती तुमच्याकडून रोज दीड तास मागते, तोही डोकं जागं ठेवून. त्या दीड तासात माझे दोन ब्लाउज मागं पडतात. सणाच्या दिवसांत गिऱ्हाइकं ओरडतात तेव्हा आमची शाळा चक्क आठवडा-आठवडा बंद असते.

सुरुवात करणारीला सांगायचं तर पहिला महिना एकच साइट घे, खान अकॅडमी, आणि मुलाच्या इयत्तेच्या एक खाली बस. दुसऱ्या महिन्यात फेटची तीन-चार सिम्युलेशन उतरवून घे. बाकी सगळं नंतर.

आणि फुकट म्हणजे किती, याचाही हिशेब मांडला. वर्षाचं रिचार्ज तसंही होतंच. बारा वह्या, पेन्सिली, आलेखाचे कागद, एक पाटी, व्हॉल्व्हच्या नळीचे दहा रुपये, आणि माझ्या मूर्खपणाचे झेरॉक्सचे चारशे. आबांची फी वेगळी. ती रोज संध्याकाळी वाटीभर भडंग, वर कांदा बारीक चिरून, आणि औटकी म्हणताना मधे कुणी बोलायचं नाही.